पंडिता रमाबाई : शास्त्राच्या भाषेकडून धीराच्या भाषेकडे

१

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनाचा विचार मराठीत बहुधा दोन स्वतंत्र दालनांत झालेला दिसतो. समाजसुधारणेच्या इतिहासकारांना त्या १८८२ ते १८९३ या काळापुरत्या महत्त्वाच्या वाटतात. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, परदेशप्रवास, शारदा सदन आणि त्यावरून उसळलेला वाद एवढ्यात त्यांचे चरित्र आटोपते. ख्रिस्ती चरित्रकारांना मात्र केडगावच्या रमाबाई अधिक जवळच्या. त्यांच्या लेखी आधीचे सारे आयुष्य ही पूर्वतयारी ठरते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या दोन ग्रंथांची नोंद घेऊन वाङ्मयेतिहास पुढे सरकतो. त्यानंतरच्या ३३ वर्षांत रमाबाईंनी मराठीसाठी काही केले की नाही, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात रमाबाईंचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचे आहे. संस्कृत विद्येच्या बळावर ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविणारी ही विदुषी आयुष्याच्या अखेरीस दुष्काळातून वाचलेल्या निरक्षर बायकांना स्वतः वाचता येईल अशा मराठीत बायबल उतरविण्याच्या कामात बुडून गेली होती. हे तिच्या बुद्धीचे आकुंचन होते, की तिच्या जीवनातील एका जुन्या सूत्राची ती परिणती होती? लेखकाला दुसरा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. त्याची कारणे रमाबाईंच्या बालपणापासूनच शोधावी लागतात.

२

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मूळचे कर्नाटकातील. विद्यार्थिदशेत ते पुण्यास असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत शिकू शकते हे दृश्य त्या तरुणाच्या मनात खोलवर रुजले. पुढे त्यांनी आपली द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. या कृत्याबद्दल त्यांना धर्मशास्त्रज्ञांपुढे जाब द्यावा लागला आणि स्त्रियांनी पुराणे व काव्ये शिकण्यास शास्त्राचा निषेध नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले. समाजाच्या कुरबुरीला कंटाळून त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यातील ठिकाणी घर व पाठशाळा वसविली. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

अतिथींच्या खर्चाने कुटुंब कर्जबाजारी झाले आणि रमा अगदी लहान असतानाच सर्वांना घर सोडावे लागले. त्यानंतर हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे दान देतील त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम होता. रमेला शिकविण्याचे काम मुख्यतः आईने केले. प्रवासात, पहाटेच्या अंधारात, हातातील काम चालू ठेवून लक्ष्मीबाई मुलीकडून पाठ घेत. भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले ते असे. घरात मराठी बोलली जाई. पण विद्येची भाषा संस्कृत हीच होती.

या बालपणातील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, रमाबाईंनी विद्या पाहिली ती स्त्रीच्या हातातील नित्यकामाला लागून. दुसरी गोष्ट दुःखद आहे. पुराणिकाचे श्रोते श्लोक ऐकत; पण श्लोकाचा अर्थ कळावा अशी त्यांची अपेक्षा नसे. ऐकल्याने पुण्य लागते, ही त्यांची श्रद्धा. शब्द पवित्र असावा, त्याचा बोध व्हायलाच हवा असे नाही, अशा वातावरणात रमाबाई वाढल्या.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने हे कुटुंब गाठले. शास्त्राने सांगितलेली व्रते, दाने आणि अनुष्ठाने करण्यात होते ते द्रव्य संपले. शारीरिक श्रमाचे काम करण्याची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटत होती. पानांवर आणि रानातील फळांवर दिवस काढावे लागले. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ज्ञान होते, पण त्या ज्ञानाने हाताला काम दिले नाही आणि पोटाला अन्न दिले नाही, हा अनुभव रमाबाई कधीही विसरल्या नाहीत. केडगावला प्रत्येक मुलीला वाचनाबरोबर एखादा उद्योग आलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह या दुष्काळात जन्मला असे म्हणावयास हरकत नाही.

३

भावंडे पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची, अविवाहित, संस्कृतात अस्खलित बोलणारी ब्राह्मण मुलगी पाहून तेथील पंडित चकित झाले. विद्वत्सभेने परीक्षा घेऊन तिचा गौरव केला. केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचण्यास उद्युक्त केले आणि वेदाचा एक ग्रंथ भेट दिला.

याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात भावंडांना संस्कृत बायबलची प्रत मिळाली. रमाबाईंनी ती चाळून पाहिली. परंतु ज्या संस्कृत वाङ्मयावर त्यांचा पिंड पोसला होता त्याच्याशी त्या ग्रंथाच्या भाषेचे काही केल्या जमेना; म्हणून त्यांनी तो बाजूस ठेवला. भाषांतराच्या इतिहासात हा प्रसंग लहान असला तरी मोठा अर्थपूर्ण आहे. भारतातील सुशिक्षितांना जिंकावयाचे तर देवभाषेतून बोलावे, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता. पण ती भाषा जिला खरोखर येत होती, तिच्याच बाबतीत हा हिशेब चुकला.

१८८० मध्ये श्रीनिवासाचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी विपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील असल्याने दोन्ही बाजूंनी बहिष्कार आला. सिलचर येथील संसार दीड वर्षांहून थोडा अधिक टिकला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने विपिनबिहारींचा अंत झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

सिलचरच्या त्या घरात, पतीच्या पुस्तकसंग्रहात, त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली होती. संस्कृत बायबल ज्यांनी बाजूला ठेवले त्याच रमाबाईंनी ही पुस्तिका आवडीने वाचली. बंगाली ही त्यांची मातृभाषा नव्हती, विद्येचीही भाषा नव्हती. ती त्या काळातील त्यांच्या रोजच्या संसाराची भाषा होती. धर्मग्रंथ प्रथम मनाला भिडला तो घरच्या बोलीतून. त्यांच्या पुढील भाषांतरकार्याचे बीज येथे आहे असे मानावयास जागा आहे.

४

वैधव्यानंतर १८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे आदी प्रार्थनासमाजी मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची निकड त्यांनी मांडली. ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ याच वर्षाचा. स्त्रीने स्वावलंबी व्हावे, विद्या मिळवावी, घर नेटके ठेवावे, असा उपदेश त्यात आहे. आशय व्यवहाराचा, परंतु वाक्यरचना आणि शब्दकळा संस्कृत वळणाची. ज्या स्त्रियांसाठी ग्रंथ लिहिला त्यांतील फारच थोड्यांना तो आधारावाचून वाचता आला असता. रमाबाईंची मराठी या वेळी अजून पुराणिकाच्या व्यासपीठावरून बोलत होती.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाची वाट बंद झाली. याच काळात सोबतची मैत्रीण आनंदीबाई भगत हिच्या आत्मघाताचा आघात त्यांना सोसावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे अनेक कारणे एकवटली होती. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या शंकांना वाट मिळाली. पण अधिक खोल परिणाम झाला तो एका प्रत्यक्ष दर्शनाचा. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना भगिनीसंघाच्या लंडनमधील आश्रमात मायेने वागविले जाते, त्यांना पुन्हा उभे केले जाते, हे त्यांनी पाहिले. या करुणेचे मूळ त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत आढळले. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, नावलौकिक गमावलेल्या बाईशी ख्रिस्त बोलतो, ही ती कथा. तत्त्वज्ञानाने त्यांचे मन तयार केले असेल. त्याला वळविले मात्र पाणवठ्यावरच्या एका साध्या संभाषणाने.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. धर्मभगिनी जेराल्डिन आणि चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार, मनोरमेचे संगोपन अशा अनेक विषयांवर त्यांनी प्रश्न उभे केले. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यास त्यांनी हरकत घेतली आणि त्यांच्या जागी संस्कृत शब्द असावेत अशी इच्छा व्यक्त केली. आपल्याला आणि आपल्या लोकांना न कळणारी भाषा पवित्र म्हणून का स्वीकारावी, हा त्यामागील प्रश्न होता. १८८० च्या दशकात लॅटिनऐवजी संस्कृत मागणाऱ्या या बाईंनी वीस वर्षांनी संस्कृतप्रचुर मराठीऐवजी साधी मराठी मागितली. वरवर पाहता या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात, परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे.

५

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या इंग्रजी ग्रंथाने त्यांच्या कार्याला आर्थिक पाठबळ मिळवून दिले. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. अमेरिकेवरील त्यांचा मराठी ग्रंथ त्या परतल्यावर १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा, वृत्तपत्रे, घरकाम, स्त्रियांच्या संघटना, वर्णभेद अशा विषयांवरील त्यातील निरूपण ‘स्त्रीधर्मनीति’पेक्षा कितीतरी मोकळे आहे. येथे उपदेशक मागे सरतो आणि पाहणारी, मोजणारी, तुलना करणारी स्त्री पुढे येते. सात वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर रमाबाईंच्या गद्याची वाटचाल कोणत्या दिशेने चालली होती हे सहज लक्षात येते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय बालविधवांसाठी असलेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा करार होता. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. सदनाची आरंभीची विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेबांच्या कार्याच्या मागे शारदा सदनाचा हा धागा आहे, याची आठवण ठेवणे न्यायाचे ठरेल.

रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. दरम्यान १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या धर्मजीवनात दुसरे स्थित्यंतर घडले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त अद्याप अनुभवला नाही, अशी जाणीव त्यांना झाली आणि त्यांची श्रद्धा अधिक उत्कट, अधिक वैयक्तिक बनली. १८९३ मध्ये वादाने टोक गाठले. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पालकांनी अनेक मुली परत नेल्या. या वादात सर्व दोष एका बाजूचा होता, असे म्हणता येत नाही. पालकांना शब्द दिला होता. उघड्या दारातून होणारी प्रार्थना तटस्थ राहू शकत नाही, ही त्यांची शंका निराधार नव्हती. रमाबाईंचा पक्ष असा होता की, आपण कोणास बोलावीत नाही. पण आपली श्रद्धा लपविण्यासाठी दार लावून घेणे त्यांना अप्रामाणिक वाटत होते. दोन प्रामाणिक भूमिकांचा हा संघर्ष होता. त्यात पुण्याच्या सुधारकवर्गाने रमाबाईंना गमावले आणि रमाबाईंनी आपला सुशिक्षित मराठी वाचकवर्ग गमावला.

६

गमावलेल्या वाचकवर्गाच्या जागी कोण आले, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वी आपण ज्या भुकेतून वाचलो तीच भूक त्यांना तेथे पुन्हा दिसली. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आल्याने त्यांची व्यवस्था पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथील जमिनीवर करावी लागली. ही जमीन मूळची फळबागेसाठी घेतलेली. बागेच्या उत्पन्नावर शारदा सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा विचार होता. प्रारंभी राहुट्या व झोपड्या, पुढे विहिरी, पक्की घरे असा या वसाहतीचा विस्तार होत गेला. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २००० वर गेली.

शारदा सदनाची वाचक पुण्यातील ब्राह्मण घरातील मुलगी होती. मुक्ती सदनात सर्व जातींच्या, आणि मराठीखेरीज हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्याही स्त्रिया एका छताखाली आल्या. त्यांत अनाथ मुली होत्या, टाकलेल्या बायका होत्या, वृद्धा व अंध स्त्रियाही होत्या. त्यांतील कित्येकींना मराठी हीसुद्धा नवी शिकावी लागली. ‘स्त्रीधर्मनीति’ची भाषा त्यांच्या कामाची नव्हती. केवळ उपदेशही त्यांच्या कामाचा नव्हता. प्रथम अन्न, मग औषध, मग अंगावर वस्त्र, आणि त्यानंतर अक्षर, असा केडगावचा क्रम परिस्थितीनेच ठरवून दिला.

रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेचे व्यवहारशहाणपण येथे दिसते. त्याची सूत्रे त्यांनी स्वतंत्र ग्रंथात मांडलेली नाहीत. ती दिनक्रमातून काढावी लागतात. दया दाखवायची ती घेणाऱ्याचा मान राखून, हे पहिले सूत्र. म्हणून मुक्ती सदनात शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, स्वयंपाक, धुलाई, छपाई असे उद्योग उभे राहिले आणि ते स्त्रियांच्या हाती सोपविले गेले. श्रम ही शिक्षा नसून प्रतिष्ठा आहे, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज उरली नाही. दुसरे सूत्र असे की, कोणतेही माणूस टाकाऊ नाही. अंध मुलींना ब्रेलमधून वाचन शिकविले गेले. ज्यांना समाजाने पतित ठरविले त्यांच्यासाठी कृपा सदन निघाले. तिसरे सूत्र प्रार्थनेचे. उद्याच्या धान्याची शाश्वती नसताना आजचे काम नीट करावे आणि उद्याचा भार ईश्वरावर सोपवावा, ही वृत्ती रमाबाईंनी स्वतः जगून दाखविली. १९०५ मध्ये केडगावला झालेल्या मोठ्या धर्मजागृतीची वार्ता जगभर गेली; परंतु भावनेच्या त्या भरतीइतकेच महत्त्व रोज पहाटे सुरू होणाऱ्या जात्याला, मागाला आणि शाळेच्या घंटेला होते, हे विसरता येत नाही.

७

या दिनक्रमात एक उणीव रमाबाईंना सलत होती. ज्या ग्रंथातून स्वतःला धीर मिळाला तो या स्त्रियांना वाचता येत नव्हता. अक्षरओळख झाल्यावरही येत नव्हता. मराठी बायबलची परंपरा त्यापूर्वीच शंभर वर्षांची झालेली होती. विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये छापले गेले. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने व बायबल सोसायटीने ती परंपरा चालविली. या भाषांतरांमागे शास्त्री-पंडितांचे साहाय्य होते आणि ग्रंथाला भारदस्तपणा यावा म्हणून भाषा संस्कृताकडे झुकत गेली. रमाबाईंचे आक्षेप दोन होते. एक, ही भाषा खेड्यातील स्त्रीच्या आकलनापलीकडची आहे. दोन, हिंदू धर्मविचारातून आलेल्या संज्ञा वापरल्याने त्यांचे जुने अर्थही वाचणाऱ्याच्या मनात शिरतात. पहिला आक्षेप शिक्षिकेचा, दुसरा पंडितेचा. संस्कृत संज्ञांचे वजन ज्यांना ठाऊक नाही त्यांना दुसरा आक्षेप सुचलाच नसता. साधेपणाचा हा आग्रह अज्ञानातून नव्हे, तर विद्वत्तेतून आलेला होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रमाबाईंनी हे काम हाती घेतले. इंग्रजीवरून भाषांतर करणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बहिरेपण वाढलेले, संस्थेचा भार डोक्यावर, आणि सोबतीला भाषापंडितांचे मंडळ नाही, अशा स्थितीत हे काम सुमारे दीड तप चालले. नवा करार आधी छापून झाला. संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खिळे जुळविणे, छापणे, घडी घालणे, बांधणी करणे ही कामे मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. दुष्काळात मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकांनी एका स्त्रीने केलेला बायबलचा अनुवाद स्वतः छापावा, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातील असाधारण घटना आहे. परंतु या इतिहासात तिला मिळावयास हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

साध्या मराठीचा हा प्रयोग शुभवर्तमानांच्या बाबतीत विशेष स्वाभाविक होता. त्या ग्रंथांतील दृष्टान्तांची सृष्टीच मुळी शेतकरी व गृहिणी यांची आहे. बी पेरणारा शेतकरी, पिठात खमीर कालविणारी स्त्री, हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, जात्यावर एकत्र दळणाऱ्या दोघी, चुकलेले मेंढरू खांद्यावर घेऊन येणारा धनगर या सर्वांना केडगावच्या परिसरात स्वतःची नावे होती. तेथे भारदस्त प्रतिशब्द शोधण्याचे प्रयोजन नव्हते. पत्रांमधील आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांमधील विचारांची गुंतागुंत मात्र सोप्या शब्दांत आणणे कितीतरी अवघड होते. मुळातील शब्दाशी निष्ठा आणि वाचणारीला सुगम होणे ही दोन कर्तव्ये तेथे एकमेकींना ओढ देत. कोणत्याही भाषांतरकाराप्रमाणे रमाबाईंनाही दोन्ही सर्वत्र सारखीच साधणे शक्य नव्हते.

काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. केडगावचे कार्य ज्या एकुलत्या एका मुलीच्या हाती सोपवावयाचे ती चाळिशीतच गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता कन्या अशी मृत्यूंची ही मालिका पूर्ण झाली. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. दुसऱ्यांना दिलेला धीर स्वतःच्या दुःखात टिकतो की नाही याची ती कसोटी होती, आणि त्या कसोटीला उत्तर म्हणून त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम पुढे चालू ठेवले. शेवटची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते काम संपल्यावरच त्यांचा अंत झाला, असे सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

८

रूढ अर्थाने पाहता या भाषांतराला यश मिळाले नाही. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर प्रचलित राहिले. नारायण वामन टिळकांच्या कवितेने ख्रिस्ती मराठीला जे लोकप्रिय रूप दिले, तसे रमाबाईंच्या गद्याच्या वाट्याला आले नाही. पुण्याच्या साहित्यविश्वाने त्यांना १८९३ नंतर आपले मानले नाही आणि चर्चच्या अधिकृत वर्तुळांनी एका एकट्या स्त्रीचे भाषांतर प्रमाण मानले नाही. दोन्ही बाजूंनी त्या काहीशा बाहेरच राहिल्या.

तथापि यशापयशाचा हा हिशेब वाङ्मयाच्या अभ्यासकाने अखेरचा मानू नये. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने (१६१६) ख्रिस्ती आशयाला मराठीतील पुराणाचे आणि ओवीचे सौष्ठव दिले. श्रोत्यांच्या ओळखीच्या भारदस्त रूपात नवा आशय आणणे, ही ती वाट होती. रमाबाईंनी निवडलेली वाट नेमकी उलट होती. पुराण सांगण्याच्या परंपरेतच त्या जन्मल्या होत्या, त्या परंपरेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा त्यांनी अनुभवली होती; म्हणूनच त्यांनी श्रोती न घडविता वाचक घडविण्याचा ध्यास घेतला. पुराण ऐकणारी स्त्री सांगणाऱ्यावर अवलंबून असते. वाचणारी स्त्री एकटी असतानाही निराधार नसते. धीर हा कोणी दुसऱ्याने देण्यापेक्षा ज्याचा त्याला स्वतःच्या हाताने पुस्तक उघडून घेता यावा, हा रमाबाईंच्या आयुष्यभराच्या खटाटोपाचा अर्थ आहे.

अनंतशास्त्र्यांनी पत्नीच्या हाती पोथी दिली तेव्हा धर्मशास्त्रज्ञांनी त्यांना जाब विचारला होता. त्यांच्या मुलीने तीच पोथी, वेगळ्या धर्माची आणि वेगळ्या भाषेची, जिच्या कुळाची व गावाची नोंदही राहिली नाही अशा बाईच्या हाती दिली. धर्म बदलला, देश पालटले, स्नेही व सहकारी दुरावले. पण हे देणे बदलले नाही. रमाबाईंच्या चरित्राचे दोन तुकडे करून त्यांतील एक आपल्याजवळ ठेवण्याची अभ्यासकांची सवय यापुढे तरी मोडावयास हवी. मुक्ती सदनाच्या छापखान्यातून निघालेल्या त्या बायबलचा, मराठी गद्याचा एक प्रयोग म्हणून, शब्दकळा, वाक्यरचना आणि तत्कालीन बोली यांच्या अंगाने सविस्तर अभ्यास होणे हे मराठी विभागांपुढील एक मोलाचे काम आहे. त्या अभ्यासात श्रद्धा-अश्रद्धेचा प्रश्न आड येण्याचे कारण नाही. अगदी साध्या वाचकासाठी किती विद्वत्ता खर्ची घालावी लागते, याचे असे दुसरे उदाहरण आपल्या भाषेत सहजासहजी सापडणार नाही.